सुईचं टोक

सोमवारी सकाळी खडू शोधताना मुंगीच्या आईच्या हाताला मशीनच्या खणात एक चिंधी लागली. निळ्या कापडाची, घट्ट गुंडाळलेली. खणात चिंध्या ठेवायची तिची पद्धत नव्हती, म्हणून तिनं ती उलगडली. आत अर्धी सुई होती. मशीनमध्ये अडकवतात तो वरचा जाड भाग तेवढा. खाली नेढं नव्हतं, टोक नव्हतं.

हे निळं कापड गेल्या आठवड्यातल्या जाकिटांचं होतं. सहा महिन्यांपासून वर्षापर्यंतच्या बाळांसाठी, आत कापूस घालून शिवलेली बारा जाकिटं. ती शुक्रवारीच दुकानात पोचली होती, आणि शनिवारी थंडीनं एकदम जोर धरला होता.

सुई मोडणं यात नवल काही नाही. शिवणाऱ्याच्या हातून सुया मोडतातच. पण या घरात मोडलेल्या सुईचा एक कायदा होता. सुई मोडली की मशीन बंद. पांढरा कागद घ्यायचा, तुकडे शोधायचे, एकाला एक जुळवून कागदावर पूर्ण सुई मांडायची. सुई पुरी झाल्याशिवाय पुढचा टाका नाही.

हे तिला शिकवलं होतं मास्तरांनी. पाच वर्षांपूर्वी तिची मुलगी दिवस भरायच्या कितीतरी आधी जन्मली. इतकी लहान, की दवाखान्यातल्या नर्सबाई म्हणाल्या, "ही तर मुंगी आहे," आणि तेच नाव चिकटलं. तिच्या मापाचा कपडा कुठल्याच दुकानात नव्हता. सर्वांत लहान झबलं आणलं, तर त्यात आणखी दोन मुंग्या मावल्या असत्या. तोवर बटण लावण्यापलीकडे सुई हातात न धरलेल्या या बाईनं मग नवऱ्याचा धुऊन धुऊन मऊ झालेला शर्ट कापला आणि दवाखान्याच्या बाकावर बसून हातानं एक झबलं शिवलं. एक बाही लांब, एक आखूड. पण शिवण बाहेरच्या बाजूला ठेवलेली, कातडीला टोचू नये म्हणून. शेजारच्या खाटेवरच्या बाईनं विचारलं, "मला एक देशील करून?" धंदा तिथून सुरू झाला, फक्त तेव्हा तिला ते ठाऊक नव्हतं.

मुंगीनं अंग धरलं तशी ती गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या म्हाताऱ्या शिंप्याकडे शिकायला जाऊ लागली. सगळे त्यांना मास्तर म्हणत. मास्तर खवचट होते. पहिल्या दिवशी तिचं झबलं दोन बोटांत धरून म्हणाले, "हे मुलाला शिवलंय की खुर्चीला?" पण सुईच्या बाबतीत ते चेष्टा करत नसत. "मोठ्या माणसाच्या शर्टात काही टोचलं तर तो येऊन शिव्या देतो," ते म्हणत. "बाळ नुसतं रडतं. आणि घरचे म्हणतात, भूक लागली असेल."

दोन वर्षांनी मास्तर दुकान आवरून लेकाकडे गेले आणि त्यांचं मशीन तिच्या बाहेरच्या खोलीत आलं. आता खोलीत दोन मशीनं होती. दुसऱ्यावर ताई बसायच्या. ताई म्हणजे तिची मोठी नणंद. अठरा वर्षं एका छापखान्यात मुद्रितं तपासायच्या. छापखाना बंद पडला तशा भावाकडे राहायला आल्या आणि पंचेचाळिसाव्या वर्षी धाकट्या भावजयीच्या हाताखाली शिवण शिकल्या. हात चांगला होता. बोलणं कमी, आणि स्वाभिमान मोठा.

"ताई," तिनं हाक मारली.

ताई आतल्या खोलीत मुंगीची वेणी घालत होत्या. त्यांनी वर बघितलं, तळहातावरची चिंधी बघितली, आणि वेणीतली बोटं थांबली.

"मुंगी, बूट घाल जा," मुंगीची आई म्हणाली.

"एकच वेणी झालीय."

"एकच छान दिसतेय. जा."

मुंगी गेली. आईनं विचारलं, "कधी मोडली?"

"गुरुवारी."

"कशावर?"

"जाकिटावर. बाहीच्या जोडाला. तिथं चार थर येतात."

"कुठल्या जाकिटावर?"

ताई कंगव्यातले केस काढू लागल्या.

"ताई, बारांतल्या कुठल्या?"

"आठवत नाही. सहावं असेल, सातवं असेल. मी शोधलं गं. गुडघ्यांवर बसून शोधलं. फरशीवर उडालं असेल, केरात गेलं असेल असं वाटलं."

"आणि मला सांगितलं नाहीत."

"शुक्रवारी माल द्यायचा होता. तुला सांगितलं असतं तर तू सगळं बंद केलं असतंस." ताईंनी कंगवा खाली ठेवला. "आणि मागच्या वेळी सुई मोडली तेव्हा तू मला काय बोललीस, आठवतंय?"

आठवत होतं. 'तुमच्यापेक्षा मुंगी बरी शिवेल,' असं ती म्हणाली होती, तेही एका गिऱ्हाइकासमोर. पण आत्ता त्यात पडायला तिला वेळ नव्हता.

"मुंगीला शाळेत सोडा आणि ही खोली इंच इंच शोधा," ती म्हणाली. "मी दुकानात जाते."

तिचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. तो पहाटेच कामावर गेला होता, पण त्याच्या जुन्या पेटीत मूठभर आकाराचं एक चुंबक होतं. ते तिनं पिशवीत टाकलं. अर्धी सुई कागदात घेतली, छोटी कात्री घेतली आणि निघाली.

बाळांच्या कपड्यांचं ते दुकान नुकतंच उघडलं होतं. मॅडम काचेत मोजे मांडत होत्या. तिचं सगळं ऐकून होईपर्यंत त्यांनी हातातला मोजा खाली ठेवला नाही.

"पाच उरलीत," त्या म्हणाल्या. "सात गेली."

तिनं अर्धी सुई एका जाकिटाखाली सरकवून वरून चुंबक फिरवलं. कापडाच्या आडून सुई टक्‌कन ओढली गेली. म्हणजे चुंबक खोटं बोलणार नव्हतं. मग तिनं पाचही जाकिटं काउंटरवर पसरली आणि गळ्यापासून घेरापर्यंत एकेक शिवण तपासली. बटणं ती बाळांच्या कपड्यांना लावतच नसे, सगळीकडे कापडी बंद असायचे, त्यामुळे मध्ये धातू कुठंच नव्हता. पाचांत काही सापडलं नाही.

"झालं तर मग," मॅडम म्हणाल्या. "कुठंतरी फरशीवर पडलं असणार."

"सात बाहेर आहेत."

"अगं, तू काय सात घरी जाऊन सांगणार, की या दुकानातल्या कपड्यात सुई आहे?"

"तुमचं नाव नाही घेणार. माझं घेईन."

"पिशवी माझी आहे, पाटी माझी आहे. तुझं नाव कोणाला माहीत आहे?"

ते खरंच होतं, म्हणून लागलं. तिनं पाचही जाकिटांची घडी घातली. मग आवाज न चढवता म्हणाली, "मॅडम, मला नंबर आणि पत्ते द्या. नाहीतर मी दाराबाहेर उभी राहते आणि येईल त्याला विचारते, तुम्ही निळं जाकीट घेतलंय का."

मॅडमनी काउंटरखालून गिऱ्हाइकांची वही काढली. मग ती मुंगीच्या आईपुढे फिरवली. "सहा आहेत. सातवा माणूस नंबर न देताच गेला. आणि तुझा बाकीचा माल आजच उचल. मला हे असलं नको."

फुटपाथवर उभी राहून तिनं सहाही फोन लावले. वाक्य एकच होतं: "बाळाच्या अंगात जाकीट असेल तर आधी काढा, मग मी सांगते." कोणी घाबरलं, एक बाई चिडली, एकानं दोनदा विचारलं की तुम्ही नक्की कोण. पण पाच जणांनी जाकीट बाजूला ठेवलं. सहावा फोन वाजत राहिला. परत लावला, परत वाजत राहिला. वहीतून उतरवलेल्या पत्त्यावर ती जवळजवळ पळतच गेली.

तिसऱ्या मजल्यावरचं घर. जिना चढतानाच रडणं ऐकू आलं. दार उघडलं ते बापानं. दाढी वाढलेली, खांद्यावर सात-आठ महिन्यांचं बाळ. बाळाच्या अंगात निळं जाकीट.

"काही विकायचं असेल तर नकोय," तो म्हणाला.

"हे जाकीट मी शिवलंय. ते काढा. त्यात सुईचा तुकडा असू शकतो."

"काय?"

ती परत बोलली. त्याचं अर्धं लक्ष बाळाकडे होतं. "जाकिटात काही नाही. तो शनिवारपासून असाच करतोय. डॉक्टर म्हणाले, पोटात गॅस आहे. उचलला की सुरू, खाली ठेवला की गप्प. लोकांची मुलं खाली ठेवली की रडतात, आमचं उलटं. दोन रात्री आम्ही डोळ्याला डोळा लावलेला नाही, तुम्ही आता..."

"उचलताना कुठं धरता?"

त्याचे हात आपसूक बाळाच्या काखांखाली गेले. बाळ किंचाळलं. आणि तो हात तसेच धरून तिच्याकडे बघत राहिला.

"त्याला टेबलावर ठेवा," ती म्हणाली. "सावकाश. बाहीतून हात काढू नका."

तिनं कात्री काढली. आपलीच शिवण तिनं खालून वर उसवत नेली. बगल जवळ आली तशी तिनं कात्री ठेवली, दोन्ही तळवे मांड्यांवर घट्ट दाबले, आणि परत घेतली. मनात ती म्हणत होती की इथं असू दे, म्हणजे शोध संपेल. आणि त्याच श्वासात म्हणत होती की इथं नसू दे. कापड बाजूला झालं. उजव्या काखेखाली तीन बारीक लाल रेघा होत्या, आणि एका रेघेच्या टोकाला वाळलेला रक्ताचा ठिपका.

चुंबक बगलेच्या जोडावरून फिरलं आणि तांदळाच्या दाण्याएवढा एक तुकडा त्याला येऊन चिकटला.

आतल्या खोलीतून बाळाची आई उठून आली होती. केस विस्कटलेले, डोळे सुजलेले. तिनं बाळाला उघडं करून छातीशी घेतलं, आणि ते दोन हुंदके देऊन गप्प झालं.

मुंगीच्या आईनं कागद टेबलावर पसरला. वरचा अर्धा भाग ठेवला, त्याखाली हा तुकडा. मोडलेल्या कडा एकमेकींत बसल्या. पण तुकड्याच्या खालच्या अंगाला नेढ्याचा निम्माच गोल होता. तिथून पुढं काही नव्हतं.

"हे पुरं नाही," ती म्हणाली.

"म्हणजे?" बापानं विचारलं.

"तीन तुकडे झालेत. टोक अजून सापडलेलं नाही."

त्यानं तिच्या हातातून चुंबक हिसकावून घेतलं. जाकिटाची एकेक शिवण त्या दोघांनी मिळून उसवली, कापूस पिंजला, अस्तर उजेडात धरलं. बाळाचं सगळं अंग त्याच्या आईनं बोटांनी चाचपलं. पाळण्यातली चादर झटकली. टोक तिथं नव्हतं.

"आता निघा," बाप म्हणाला. आवाज अगदी खालचा होता. तो ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं.

"डॉक्टरांकडे मीही येते."

"निघा म्हटलं ना. जाकीट इथंच राहील. मला ते कोणाला दाखवायचं असलं तर दाखवीन. तो तुकडाही ठेवा."

तेव्हा बाळाची आई पहिल्यांदा बोलली. "तुकडा नेऊ दे तिला. तिला बाकीचं शोधायचंय."

मुंगीच्या आईनं आपलं नाव, पत्ता, फोन लिहून चिठ्ठी टेबलावर ठेवली आणि जिना उतरली. ती दोन मिनिटं कठड्याला धरून उभी राहिली आणि मग पुढच्या घराकडे चालू लागली.

दुपारी अडीचपर्यंत पाच घरं झाली. एका आजीनं तिला पाणी दिलं आणि एका बाईनं उंबरठ्याच्या आत घेतलं नाही, जाकीट दाराबाहेर फेकलं. एका घरी बाळाची आई म्हणाली, "तुम्ही आलात म्हणून कळलं. न आलेल्या कितीजणी असतील कोण जाणे," आणि हे कौतुक की टोमणा, हे तिला कळलं नाही. टोक पाचांतल्या कशातच नव्हतं. मधेच तिनं घरी फोन केला. ताई म्हणाल्या, "फरशी झाली. दोन्ही मशीनं उघडलीत. अजून नाही." एवढंच बोलून दोघींनी फोन ठेवले.

सातवं जाकीट राहिलं. त्याचा पत्ता नव्हता. आणि मग मॅडमचाच फोन आला.

"तो सातवा," त्या कोरड्या आवाजात म्हणाल्या. "म्हातारा होता. बोटं काळी, कमरेला किल्ल्यांचा हा एवढा जुडगा. नातीसाठी घेतलं म्हणाला. पुलाच्या जिन्याखाली एक किल्लीवाला बसतो, तो असावा. मी सांगितलं म्हणून सांगू नकोस."

जिन्याखाली कपाटाएवढं दुकान होतं. म्हातारा यंत्रावर किल्ली घासत होता. तिनं सांगायला सुरुवात केली, तसं त्यानं यंत्र बंद केलं आणि शेवटपर्यंत एकदाही मध्ये बोलला नाही.

"काल मीच नेऊन दिलं," तो म्हणाला. "लेक पुढच्या गावात असते. नात दिवसभर पाळणाघरात. लेकीला कामावर फोन कपाटात ठेवावा लागतो, पाचनंतर मिळतो."

"पाळणाघराचा नंबर?"

"नाही माझ्याकडे. जागा माहीत आहे." तो उठला. मग दुकानाचं कुलूप हातात घेऊन सगळे खिसे चाचपायला लागला. भिंतीवर लोकांच्या शेकडो किल्ल्या लटकत होत्या आणि स्वतःची सापडत नव्हती. शेवटी त्यानं कुलूप नुसतंच कडीत अडकवलं. "राहू दे. किल्लीवाल्याकडे चोरी करायला कोण येतो. चला पोरी."

बसला तास लागला. खिडकीशी बसून ती दर दोन मिनिटांनी कागदाची घडी चाचपत होती. म्हातारा समोर बघत होता. अर्ध्या वाटेवर तो अचानक म्हणाला, "माझी एक किल्ली एकदा कुलपात मोडली होती. आत लहान मूल एकटं होतं. आई बाहेर, जिन्यात."

"मग?"

"दार फोडलं. मुलाला काही झालं नाही. ते कोपऱ्यात बसून बिस्किटं खात होतं. पण ती किल्ली मी घाईत घासली होती, ते मलाच माहीत होतं. त्या बाईला सांगितलं नाही. कुलूपच खराब आहे म्हणालो." त्यानं तोंड पुसलं. "चौतीस वर्षं झाली."

तिनं कागदाची घडी परत चाचपली.

पाळणाघराला अर्धं लाकडी दार होतं आणि वर जाळी. आतून एक जाडजूड बाई आली. तिनं म्हाताऱ्याचं ऐकलं, भिंतीवरची यादी बघितली आणि मान हलवली. "आजोबा, तुमचं नाव यादीत नाही. मूल नाही देता येणार."

"मी तिचा आजोबा आहे."

"आहात हो. सगळेच कोणाचे तरी आजोबा असतात. पण मला नियम आहे."

"मूल नको," मुंगीची आई म्हणाली. "जाकीट द्या फक्त. तिच्या अंगातलं निळं जाकीट."

"आत्ता झोपलीय ती. झोपेतून उठवलं तर दहा जणं उठतील."

तिनं कागद उलगडून जाळीपाशी धरला. मोडकी सुई, दोन तुकडे. "हा दुसरा तुकडा आज सकाळी एका बाळाच्या काखेत सापडला. तिसरा मी शोधतेय."

बाईनं सुईकडे बघितलं. चेहऱ्यावरचा नियम उतरला. ती वळून आत गेली. पहिल्यांदा काहीच ऐकू आलं नाही. मग एक बाळ रडायला लागलं. मग दुसरं, मग तिसरं. मुंगीच्या आईनं जाळीत बोटं अडकवली होती. शेजारी म्हाताऱ्याच्या कमरेच्या किल्ल्या बारीक वाजत होत्या.

बाई जाकीट घेऊन आली. "अंग बघितलं मी सगळं. ओरखडासुद्धा नाही."

मुंगीच्या आईनं लाकडी दाराच्या फळीवरच जाकीट पसरलं. गळा, पाठ, उजवी बगल. डाव्या खांद्यावर चुंबक अडल्यासारखं वाटलं. तिनं परत फिरवलं. परत अडलं. तिनं कात्री घातली आणि खांदा उसवला. आत कापसाची गाठ होती, बाकी काही नाही. मग तिनं बाही उसवली, पाठ उसवली, घेर उसवला. फळीवर निळ्या कापडाचे तुकडे आणि कापूस यांचा ढीग झाला आणि टोक त्यात नव्हतं.

बाराही जाकिटं झाली होती. याचा अर्थ एकच होता. कुठल्या तरी घरी तिच्याकडून नजरचूक झाली होती, आणि आता पहिल्यापासून सगळी दारं परत वाजवायची होती.

फोन वाजला.

"सापडलं," ताई म्हणाल्या.

"कुठं?"

"माझ्या चपलेत. घरातली रबरी चप्पल. तळव्यात रुतलंय. काळ्या रबरात पार बुडालेलं, तीनदा बघितलं तेव्हा दिसलं."

ती गप्प राहिली. घरी खणात सुयांची अख्खी डबी होती. त्यातली एक मोडायला कितीसा वेळ लागतो, हा विचार तिच्या मनात आला, आणि आला याची लाजही वाटली, पण तो गेला नाही.

ताईंना ती शांतता कळली. "मी हात लावलेला नाही," त्या म्हणाल्या. "चप्पल पालथी टेबलावर ठेवलीय. तू ये आणि तूच काढ. मग बघ जुळतं का."

म्हातारा लेकीची सुट्टी होईपर्यंत तिथंच थांबला. ती एकटी परतली. तासाचा रस्ता, पण तिचा जीव टांगणीला लागला होता. घरी पोचली तेव्हा दिवे लागत होते. टेबलावर पांढरा कागद होता, त्यावर पालथी चप्पल, आणि समोर खुर्चीवर मुंगी पहारा देत बसली होती. एका बाजूची वेणी सुटली होती, दुसरीकडे वेणी नव्हतीच.

"आत्यानं सांगितलंय, शिंकायचं पण नाही," मुंगी कुजबुजली.

ताई भिंतीला टेकून उभ्या होत्या. गुडघ्यांवर धुळीचे दोन गोल, हातांच्या कडा खरचटलेल्या. त्या टेबलाजवळ आल्या नाहीत.

तिनं चिमट्यानं टोक ओढलं. रबरातून ते हळूच निघालं. कागदावर तिनं तीन तुकडे ओळीनं ठेवले आणि चिमट्याच्या टोकानं शेवटचा पुढं सरकवला. मोडलेली कड तिरकी होती, एका बाजूला बारीक दात आलेली. दुसऱ्या कुठल्याही सुईची कड तशी आली नसती. ती आपल्या खाचेत बसली. नेढ्याचा गोल पूर्ण झाला.

ती खाली फरशीवरच बसली. रडू आलं नाही. नुसता श्वास येत-जात राहिला. ताई जवळ येऊन बसल्या.

"गुरुवारीच सांगायला हवं होतं," ताई म्हणाल्या.

"मी तशी बोलले नसते तर सांगितलं असतंत."

"ते आहेच. तुझी भीती वाटते मला. या वयात, माझ्याच भावाच्या घरात. पण म्हणून माझं चुकलं नाही, असं होत नाही. त्या बाळाला टोचत होतं तेव्हा मी इथं बसून पुढचे फ्रॉक शिवत होते."

"कुठलं बाळ?" मुंगीनं विचारलं. ताईंनी तिला पुढ्यात ओढलं आणि राहिलेली वेणी घालायला घेतली.

त्याच संध्याकाळी तिनं सगळ्यांना फोन करून कळवलं. तिसऱ्या मजल्यावरच्या बापानं आवाज ओळखून फोन बंद केला. दुसऱ्या दिवशी बाळाच्या आईचा निरोप आला. 'डॉक्टरांनी पाहिलं. जखम वरवरची आहे. बरा होईल. आता फोन करू नका.' तिनं केला नाही. तिनं त्या बाळासाठी एक नवं जाकीट शिवून कुरियरनं पाठवलं, ते न फोडता परत आलं. ते तिनं दुसऱ्या कुठल्याच मुलाला दिलं नाही. उसवून कापूस काढून घेतला. किल्लीवाल्याच्या नातीचं मात्र नवं जाकीट म्हातारा स्वतः घेऊन गेला, आणि जाताना सगळ्या शिवणी अंगठ्यानं दाबून बघून गेला.

दुकानातून चार खोक्यांत माल परत आला. मॅडमनी निरोपसुद्धा दिला नाही. पुढचे दोन महिने घरात मशीनचा आवाज तुरळकच झाला. कोणाची पँट आखूड करून दे, कोणाचा पडदा जोडून दे. वस्तीत तिला सुईवाली म्हणायला लागले होते, आणि ते काही प्रेमानं नव्हतं. नवरा म्हणाला, "दुसरं काही तरी बघू या का?" ती म्हणाली, "बघू," आणि दोघांनीही तो विषय तिथंच सोडला. ताईंनी एकदा बॅग भरली होती. मुंगीनं ती रिकामी केली आणि त्यात बाहुल्या झोपवल्या, तेव्हा ती बॅग तशीच राहिली.

मग एके दिवशी दुपारी एक अनोळखी बाई दारात आली. काखेत दहा महिन्यांचा गुटगुटीत मुलगा. ती आत आली, पण बसली नाही.

"तुमच्याच जाकिटात सुई निघाली होती ना?" तिनं विचारलं.

ताईंचं मशीन थांबलं.

"हो," मुंगीची आई म्हणाली.

"माझ्या बहिणीकडं तुम्ही आला होता. तिच्या जाकिटात नव्हती."

"हो."

दोरीवर तीन-चार झबली आणि एक फ्रॉक वाळत होता. बाईनं एकेक खाली घेतलं. उलटं केलं. बगल, गळा, कड, सगळ्या शिवणींवरून बोट फिरवलं, आणि एकदा गालालाही लावून बघितलं. मुलगा आईचे केस ओढत होता. तिचं बघून व्हायला बराच वेळ लागला, आणि मुंगीच्या आईनं तेवढा वेळ हात बांधून वाट बघितली.

शेवटी बाईनं कपडे परत दोरीवर टाकले आणि मुलाला टेबलावर उभं केलं.

"दोन झबली," ती म्हणाली. "सध्या दोनच. माप घ्या."

मुंगीच्या आईनं गळ्यातली टेप काढली आणि मुलाच्या छातीभोवती गुंडाळली. त्यानं ती लगेच तोंडात घातली.

"सतरा," ती म्हणाली.

ताईंनी पेन्सिल उचलली, पण लिहिलं नाही. चष्म्यावरून बघत त्या म्हणाल्या, "हलतोय तो. परत घे."

तिनं टेप मुलाच्या तोंडातून सोडवली, पुसली आणि परत माप घेतलं.